बसची लेन सगळ्यात शेवटी : सांगली–मिरज–कुपवाडसाठी जलद बसचं जाळं कसं उभारायचं

सांगलीत कुणासमोर 'बीआरटी' (बससाठी राखीव लेन ठेवून जलद बस चालवायची पद्धत) असा शब्द काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "पुण्यात काय झालं बघितलं नाही का?" दुसरं त्याहून रोखठोक : "रस्ता आहे केवढा, आणि त्यात बसला वेगळी लेन?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. देशातला पहिला प्रयोग पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर २००६ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षं त्या लेनमध्ये बसपेक्षा दुचाक्याच जास्त दिसल्या. दिल्लीत अंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये झाला आणि आठ वर्षांच्या आत उखडलाही गेला. भोपाळने २०२४ मध्ये आपली लेन काढायला घेतली.

तरीही हा लेख लिहितोय, कारण आपल्याकडे या कामाची सुरुवातच शेवटच्या टोकाकडून होते. आधी काँक्रीट, मग रेलिंग, मग चकचकीत थांबे, आणि उद्घाटनाच्या दिवशी लक्षात येतं की बसच पुरेशा नाहीत. रिकाम्या लेनशेजारी सिग्नलला अडकलेला माणूस रोज शिव्या घालतो, आणि त्याचं चुकत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या उलट्या क्रमाने लावल्या आहेत : आधी मोजणी, मग फेऱ्या, मग चौक, आणि लेनचा विषय सगळ्यात शेवटी. पालिकेतला अभियंता, नगरसेवक, किंवा 'आपल्या गावात धड बस का नाही' म्हणून अर्ज करणारा नागरिक, तिघांनाही यातलं काही ना काही उद्या सकाळी सुरू करता येईल.

आधी गावाचा आकार बघा

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली ती ९ फेब्रुवारी १९९८ ला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख २ हजारांच्या वर होती. पण बससाठी आकड्यापेक्षा आकार महत्त्वाचा. पुणं चहूबाजूंनी पसरलंय. आपलं शहर दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखं आहे. सांगलीचा स्टँड, राम मंदिर, पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, पुढे वानलेसवाडी, कृपामयी आणि मिरज : कॉलेजं, इस्पितळं, हळदीची बाजारपेठ, कलेक्टर कचेरी, जंक्शन, सगळं या साधारण १० किलोमीटरच्या एका दोऱ्यावर किंवा त्याच्या हाकेच्या अंतरावर. कुपवाड आणि माधवनगर तेवढे बाजूला लटकलेले.

बसवाल्यासाठी यासारखी दुसरी सोयीची रचना नाही. एक दमदार मुख्य मार्ग आणि त्याला येऊन मिळणारे छोटे मार्ग, एवढंच जाळं लागतं. आपल्यासारखंच जुळं शहर म्हणजे हुबळी–धारवाड. मिरजेतून रेल्वेत बसलं की थेट तिथे उतरता येतं, म्हणून ज्यांना हा विषय खरोखर समजून घ्यायचा आहे त्यांनी अहमदाबादच्या अभ्यासदौऱ्याआधी हुबळीचं तिकीट काढावं. तिथे २०१८ पासून 'चिगरी' बस धावतात. सुमारे २२ किलोमीटरचा मार्ग, मध्ये राखीव लेन, आणि थांब्यापाशी मागच्या बसला पुढे काढायला जादा लेन. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर थांबणारी बस आणि थेट जाणारी बस एकाच मार्गावर चालतात. हे शिकण्यासारखं. पण त्यासाठी रस्ता भरपूर रुंद करावा लागला, भूसंपादन झालं, आणि त्यात वर्षं गेली, हेही पाहण्यासारखं. त्या शहराची लोकसंख्या २०११ मध्येच ९ लाखांच्या वर होती, हे विसरून त्यांचा नकाशा आपल्यावर ठेवू नये.

पायरी १ : चार दिवस चौकात उभं राहा

सल्लागार नेमण्याआधी स्वतः मोजा. मोजणी तीन प्रकारची.

पहिली, माणसांची. वाहनं नाही, माणसं. पुष्पराज चौक, विश्रामबाग आणि मिरजेच्या बाजूला गांधी चौक, अशा तीन जागी सकाळी ६ ते रात्री १० दर पंधरा मिनिटांचा तक्ता करायचा : बस किती, त्यात अंदाजे माणसं किती, शेअर रिक्षा किती, दुचाक्या किती, चालत जाणारे किती. कॉलेजची पोरं दोन दिवस आनंदाने हे काम करतात. चहा-नाष्ट्याचा खर्च तेवढा काढा. एक दिवस मधल्या वाराचा, एक बाजाराचा, एक रविवारचा घ्या. चौथा दिवस पावसाचा मिळाला तर उत्तम, कारण पावसात दुचाकीवाला बसमध्ये येतो आणि बस नेमकी तेव्हाच उशिरा येते.

दुसरी मोजणी वेळेची. बसमध्ये बसा, हातात घड्याळ ठेवा, आणि प्रवासाचा प्रत्येक मिनिट चार रकान्यांत टाका : गाडी चालती, थांब्यावर उभी, सिग्नलला उभी, नुसतीच कोंडीत उभी. गर्दीच्या वेळी वीसेक फेऱ्या केल्या की आजार कुठे आहे ते कळतं. वेळ थांब्यावर जात असेल तर औषध तिकिटात आणि दारात आहे. सिग्नलला जात असेल तर चौकात. कोंडीत जात असेल तर बहुतेक वेळा पार्किंगमध्ये. लेन हे फक्त शेवटच्या रकान्याचं औषध आहे, आणि तेही पार्किंग हटवून भागलं नाही तर.

तिसऱ्या मोजणीला कागद लागत नाही. वडापवाल्याशी, म्हणजे शेअर रिक्षा चालवणाऱ्याशी, बोला. कुठल्या कोपऱ्यावर सकाळी सातला चार बायका डबे घेऊन उभ्या असतात, कुठल्या कारखान्याची पाळी किती वाजता सुटते, कुठून मिरजेच्या दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं चढतात, हे त्याला पाठ असतं, कारण त्याचं पोट त्यावर आहे. मी एका सकाळी वही घेऊन थांब्यावर उभा राहिलो तेव्हा दोन तासांत एक गोष्ट ध्यानात आली : अधिकृत थांबा होता तिथे मी एकटाच होतो आणि शंभर पावलांवर, झाडाखाली, पंधरा माणसं. त्या दिवसापासून थांब्याची जागा नकाशावर ठरवावी यावरचा माझा विश्वास उडाला.

पायरी २ : फेऱ्यांचं गणित करा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून सावकाश.

'जलद' बस म्हणजे वेगाने पळणारी बस असा समज आहे. प्रवाशाच्या दृष्टीने प्रवास थांब्यावर उभं राहिल्यापासून सुरू होतो. वीस मिनिटं वाट आणि तीस मिनिटं प्रवास मिळून पन्नास. बस दर सहा मिनिटांनी येत असेल तर सरासरी वाट तीन मिनिटं, एकूण तेहतीस. बसचा वेग तसूभरही न वाढता. आणि सहा मिनिटांच्या अंतराला आणखी एक गंमत घडते : माणूस वेळापत्रक बघायचं सोडून देतो. घरातून निघतो, थांब्यावर जातो, येईल ती बस पकडतो. दर वीस मिनिटांच्या बसला कुणी 'सेवा' म्हणून मोजत नाही. चुकली की रिक्षा करतो.

आता गाड्या किती लागतील? सूत्र सोपं : एका गाडीच्या पूर्ण चक्राला लागणारा वेळ भागिले दोन फेऱ्यांमधलं अंतर.

सांगली स्टँड ते मिरज स्टेशन १० किलोमीटर धरू. समजा गर्दीत सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. एका बाजूला ४० मिनिटं. दोन्ही टोकांना ५-५ मिनिटं चालक-वाहकाच्या विसाव्याला आणि उशीर भरून काढायला. चक्र झालं ९० मिनिटांचं. दर ६ मिनिटांनी बस हवी तर ९० भागिले ६, म्हणजे १५ गाड्या रस्त्यावर. दहा टक्के राखीव धरल्या तर आणखी दोन. एकूण १७.

आता हाच वेग थांब्यांची आणि चौकांची डागडुजी करून ताशी २० वर नेला तर? एका बाजूला ३० मिनिटं, चक्र ७० मिनिटांचं, गाड्या १२, राखीव धरून १४. तीन गाड्या वाचल्या, त्यांचे चालक-वाहक वाचले. किंवा त्याच १५ गाड्या ठेवल्या तर बस पावणेपाच मिनिटांच्या आत येऊ लागली. वेग वाढवण्याचा खरा फायदा हा आहे. प्रवाशाची दहा मिनिटं वाचतात ती वेगळी, पण चालवणाऱ्याचा खर्चही त्यातूनच उतरतो. अंदाजपत्रक मांडताना स्थायी समितीपुढे हे दोन परिच्छेद फळ्यावर लिहून दाखवा. 'जागतिक दर्जाची सेवा' वगैरे शब्दांपेक्षा जास्त चालतात.

आणखी एक सावधगिरी. टोकाचा ५ मिनिटांचा विसावा कागदावरून कापण्याचा मोह प्रत्येक अधिकाऱ्याला होतो. कापू नका. तो गेला की पहिल्या फेरीचा उशीर दुसऱ्या फेरीत जातो, मागची बस पुढचीला गाठते, आणि अर्धा तास काही नाही नि मग एकामागोमाग तीन गाड्या, हे दृश्य सुरू होतं. पुढची बस जितकी उशिरा, तितके तिच्यासाठी साठलेले प्रवासी जास्त, म्हणून ती आणखी उशिरा. मागचीला मोकळे थांबे मिळतात म्हणून ती आणखी लवकर. हे आपोआप सुधारत नाही. स्टँडवरच्या नियंत्रकाला वेळ बघून नाही, तर पुढची गाडी सुटल्यापासूनचं अंतर बघून गाडी सोडायचा अधिकार द्यायला हवा.

पायरी ३ : थांबे कमी, पण चांगले

हात दाखवा, बस थांबवा, ही आपुलकी गावाकडच्या गाडीला शोभते. शहरातल्या मुख्य मार्गावर प्रत्येक थांबा म्हणजे ब्रेक, दार, चढउतार, परत वेग पकडणं : वीस-पंचवीस सेकंद सहज. दहा किलोमीटरवर तीस ठिकाणी थांबणाऱ्या गाडीचे थांबे वीस केले तर चार मिनिटं वाचतात. दाट वस्तीत ४००–५०० मीटर आणि बाहेर ७०० मीटरपर्यंत अंतर ठेवलं तर कुणालाही पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त चालावं लागत नाही. इस्पितळापुढचा थांबा मात्र या हिशेबाच्या बाहेर ठेवा. मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, कर्नाटकातूनही माणसं इथे उपचाराला येतात. टाके घातलेल्या माणसाला अर्धा किलोमीटर चालवण्यात शहाणपण नाही.

थांब्याची जागा चौकाच्या अलीकडे नको, पलीकडे हवी. अलीकडे असला की बस आधी प्रवाशांसाठी थांबते आणि दार लावेपर्यंत सिग्नल लाल होतो, म्हणजे दुप्पट भुर्दंड. पलीकडे असला की चौक ओलांडून बस निवांत थांबते, आणि प्रवासी बसच्या मागून रस्ता ओलांडतो.

रस्त्याच्या कडेला खोबण करून तिच्यात बस घ्यायची पद्धत दिसायला छान, पण गर्दीच्या रस्त्यावर घातक. आत शिरलेल्या बसला बाहेर येऊ कोण देतो? त्या खोबणीत दुसऱ्या दिवसापासून रिक्षा आणि भुर्जीपावचा गाडा उभा राहतो आणि बस शेवटी रस्त्यातच थांबते. उलट फुटपाथच थोडा पुढे आणून तो बसच्या दाराला भिडवा. भुर्जीवाल्याला थांब्याच्या मागच्या बाजूला पक्की जागा द्या. रात्री नऊ वाजता ज्या थांब्यामागे चहाची टपरी चालू असते, तिथे एकटी मुलगी निर्धास्त उभी राहते. सीसीटीव्ही नंतर लावा.

फलाटाची उंची बस घेण्याआधी ठरवा. आपल्याकडे शहरी बसच्या फरशीच्या उंची प्रामुख्याने तीन : ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. अहमदाबादने ९०० ची बस आणि तेवढाच उंच फलाट घेतला; तिथे काठी टेकत माणूस सरळ आत जातो, पण ती बस साध्या थांब्यावर निरुपयोगी. आपल्या गाड्या मुख्य मार्गावरून पुढे बुधगाव-हरिपूरलाही जाणार असतील तर ४०० मिलिमीटरची, थांब्यावर दाराच्या बाजूला झुकणारी बस हाच पर्याय. निविदा निघाल्यावर हा विचार करून उपयोग नसतो.

पायरी ४ : तिकीट आणि दार

समजा थांब्यावर बारा जण चढतात. एकच दार, माणशी तीन सेकंद : छत्तीस सेकंद. दोन्ही दारं उघडी : अठरा. वाहक आत फिरून तिकीट देतो तोपर्यंत गाडी चालत असते, हा आपला जुना मार्ग तसा वाईट नाही. वाईट तेव्हा होतो जेव्हा सुट्ट्या पैशांवरून गाडी घंटी न देता उभी ठेवली जाते. पास आणि मोबाइल तिकीट वाढवा, पाच रुपयांच्या पटीतच भाडं ठेवा, आणि मोठ्या तीन-चार थांब्यांवर गर्दीच्या वेळी वाहक खाली उभा करून चढण्याआधी तिकीट द्या. हे उद्यापासून होतं, यंत्र लागत नाही.

भाड्याचा एक पेच आताच सोडवा. एसटीच्या ग्रामीण आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्या याच सांगली–मिरज रस्त्याने जातात. पालिकेने नवी बस काढली आणि तिच्यात पूर्ण भाडं ठेवलं, तर बायका शहर बस सोडून मागच्या एसटीची वाट बघणार, आणि बघायलाच हवी. सवलत द्यायची की नाही, दिली तर तिची भरपाई कुणाच्या खात्यातून, याचा ठराव गाड्या येण्याआधी व्हायला हवा.

पायरी ५ : चौक

पहिल्या वर्षी खर्च करायला थोडेच पैसे असतील तर ते सगळे चौकात घाला. सिग्नलचं चक्र छोटं करा. तीन मिनिटांच्या सिग्नलमध्ये सगळेच कुढत बसतात, दीड मिनिटाच्या चक्रात बसला दुसरी संधी लवकर मिळते. चौकाच्या तोंडाशी डावीकडे पन्नास-साठ मीटर फक्त बससाठी राखा, म्हणजे रांगेला वळसा घालून ती पुढे येईल. बस जवळ आली की हिरवा दिवा पाच-दहा सेकंद लांबवणारी यंत्रणा बसमधल्या जीपीएसवर चालते. नव्या सार्वजनिक वाहनांना तो ठावठिकाणा सांगणारा संच आता बंधनकारक आहेच, मग त्याचा उपयोग करून घ्या.

आणि पार्किंग. सम-विषम पार्किंगच्या पाट्या आपल्याकडे सगळीकडे आहेत, पाळतं कोण हा वेगळा विषय. सगळ्या रस्त्यावर पार्किंगबंदीची घोषणा करू नका. व्यापारी एकत्र येतील आणि आठवड्यात ती मागे घ्यावी लागेल. मोजणीत जे चार-पाच गळे सापडले तेवढेच, सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८, आणि तिथे मात्र टोइंगची गाडी रोज. प्रत्येक तुकडा कुणाचा, पालिकेचा, सार्वजनिक बांधकामचा की रेल्वे पुलाच्या हद्दीतला, याची यादी आधी करून ठेवा, नाहीतर प्रत्येक बैठकीत 'हे आमच्याकडे येत नाही' एवढंच ऐकायला मिळतं.

पायरी ६ : फांद्या जोडा

कुपवाड एमआयडीसी, माधवनगर–बुधगाव, हरिपूर, सांगलीवाडी, मिरज एमआयडीसी, मालगाव, बेडग : या फांद्या. इथे १२ मीटरची बस नको, ९ किंवा ७ मीटरची पुरे. अंतर १५–२० मिनिटांचं असलं तरी चालेल, पण वेळापत्रक काटेकोर हवं आणि पाळ्यांच्या वेळांशी बांधलेलं हवं. पाळी सुटल्यावर पाच मिनिटांनी निघालेली बस भरून जाते, पाच मिनिटं आधी निघालेली रिकामी.

गाडी बदलायला माणसं नाखूश असतात. त्यांना ती बदलायला लावायचीच असेल तर विश्रामबागेत एकाच छपराखाली, वीस पावलांत, आणि त्याच तिकिटावर. नव्वद मिनिटांत कितीही गाड्या बदला असं तिकीट ठेवलं की अर्धी तक्रार मिटते. खेड्यांतून थेट स्टँडपर्यंत येणाऱ्या एसटी तोडून लोकांना वेशीवर उतरवण्याचा विचार काही आराखड्यांत असतो; तो कागदावरच मरू द्या. भाजीची पाटी घेऊन कोणी गाडी बदलत नाही.

वडापचं काय? हाकलून लावलं तर संप होईल आणि संध्याकाळी ते परत येईल. कायद्याने रिक्षाचा परवाना कंत्राटी वाहतुकीचा असतो, टप्प्याटप्प्याने प्रवासी घेण्याचा परवाना वेगळा. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून फांद्यांवरचे काही मार्ग त्यांच्यासाठी रीतसर ठरवून घ्या आणि थांब्यालगत त्यांना स्टँड द्या. मुख्य मार्गावर दर सहा मिनिटांनी बस येऊ लागली की तिथून ते आपसूक बाजूला सरकतात. त्यांना मोकळा रस्ता आणि भरलेली रिक्षा हवी असते, भांडण नको असतं.

मिरज जंक्शनवर पहाटेची आणि रात्रीची बस रेल्वेच्या वेळेवर बांधा. रात्रीची गाडी उशिरा आली तर शेवटची बस किती मिनिटं थांबणार हे लिहून ठेवा. हा एक नियम पाळला गेला तरी गावात बसचं नाव होईल.

पायरी ७ : पूर

दुसऱ्या कुठल्या शहराच्या पुस्तकात ही पायरी सापडणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि पाणी स्टँड परिसरापर्यंत आलं. २००५ आणि २०२१ लाही गाव बुडालं. ज्या जाळ्याचं सगळ्यात मोठं टर्मिनस पाण्याखाली जाऊ शकतं त्याचा दुसरा नकाशा तयार असायलाच हवा.

तो असा करा. फुटाप्रमाणे आदेश आधीच लिहायचे : ४० फुटांना नदीकाठच्या फांद्या कुठून वळणार, ४५ ला सांगली स्टँडऐवजी टर्मिनस विश्रामबागला हलणार, त्याच्या वर किती गाड्या फक्त स्थलांतरासाठी, कुठल्या शाळांकडे. प्रत्येक चालकाच्या खिशात हे एका पानावर. विश्रामबागला म्हणून आधीपासूनच दहा-बारा गाड्या वळतील एवढी जागा, पाणी आणि स्वच्छतागृह हवं.

आगारही पूररेषेच्या बाहेरच. जमीन स्वस्त मिळते म्हणून नदीकडे आगार नेला तर विजेच्या बसचे चार्जर पहिल्या पुरात जातील. चार्जर आणि ट्रान्सफॉर्मर जमिनीपासून उंच चौथऱ्यावर ठेवा. बांधकाम परवान्याच्या दिवशीच महावितरणकडे उच्चदाब जोडणीचा अर्ज टाका. गाड्या येऊन उभ्या आणि वीज नाही, असं होऊ देऊ नका. बसच्या माहितीपत्रकातली रेंज वाचताना एसी, उभे प्रवासी आणि तीन वर्षं जुनी बॅटरी मनात धरा. दिवसाला जितके किलोमीटर लागतात त्यापेक्षा चांगली सवाई रेंज नसेल तर दुपारी अर्धा तास चार्जिंगचा वेळापत्रकातच धरा.

पायरी ८ : चालवणार कोण, पैसे कसे

तीन रस्ते आहेत. एसटीकडूनच शहर सेवा वाढवून घ्यायची आणि तुटीचा करार करायचा. कोल्हापूरसारखा पालिकेचा स्वतःचा परिवहन उपक्रम काढायचा. महानगरपालिका कायद्यात त्याची आणि परिवहन समितीची तरतूद आहेच. किंवा गाड्या ठेकेदाराच्या आणि नियोजन पालिकेचं, त्याला दर किलोमीटरमागे पैसे. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेची (ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर, १० हजार विजेच्या बस, ३ लाखांवरच्या शहरांसाठी) रचना या तिसऱ्या प्रकारची आहे.

माझं मत तिसऱ्याच्या बाजूने आहे, एका अटीवर : पालिकेत वेळापत्रक कळणारी किमान पाच-सहा पगारी माणसं हवीत. तिकिटाचे पैसे ठेकेदाराचे ठेवले की तो भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, बघून दुपारच्या फेऱ्या गाळतो. किलोमीटरला पैसे दिले की तो रिकामी गाडीही पळवतो, पण थांब्यावर थांबेलच असं नाही. म्हणून करारात दंडाचे कलम नेमके लिहा : फेरी रद्द, थांबा सोडला, दार उघडं ठेवून चालवली, पाटी चुकीची. आणि जमा पैसे वेगळ्या खात्यात बांधून ठेवा. चार महिने बिल थकलं की गाड्या आगारातच उभ्या राहतात, मग करार कितीही कडक असो.

बस तोट्यात चालते, हे पहिल्याच सभेत सांगून टाका. गटार आणि पथदिवेही नफ्यात चालत नाहीत.

पायरी ९ : आता लेन

एवढं सगळं दीड-दोन वर्षं चाललं की मग रस्ता मोजायची फीत काढा. एका लेनमधून गाड्या-दुचाक्यांतून तासाला दीड-दोन हजार माणसं जाऊ शकतात. दर ६ मिनिटांची बस म्हणजे तासाला १० बस, ६० जण धरले तर ६०० माणसं. एवढ्यावर लेन तोडून घेतली तर ती रिकामीच दिसेल, आणि ती रिकामी आहे म्हणणाऱ्याचं बरोबर असेल. शहर बस, ग्रामीण एसटी, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि रुग्णवाहिका मिळून गर्दीच्या तासाला एका दिशेने तीसच्या वर वाहनं जात असतील तरच हिशेब जुळतो. म्हणजे आपल्याकडे लेन करायची तर ती सगळ्या बससाठी खुली ठेवायला हवी.

जागा? दोन बस लेन ३.५ मीटरच्या, म्हणजे ७. दोन्ही बाजूंना इतर वाहनांसाठी साडेसहा-साडेसहा, म्हणजे १३. फुटपाथ दोन-दोन मीटरचे, ४. थांब्याला किमान ३. बेरीज २७ मीटर, गटार आणि दुभाजक सोडून. भिंत ते भिंत सलग एवढी रुंदी जिथे भरते तेवढेच तुकडे नकाशावर हिरवे करा. अहमदाबादने २००९ मध्ये सुरुवात आरटीओ ते पिराणा या साडेबारा किलोमीटरवर केली, गावठाणातल्या गल्ल्यांत नाही. आपल्याकडेही विश्रामबागेच्या आगेमागे आधी बघावं. राजवाडा चौकाच्या बाजूला लेनचा विचारही नको, तिथे सिग्नल आणि पार्किंग पुरे.

पहिले सहा महिने काँक्रीटही नको. रंगाचा पट्टा, प्लास्टिकचे खांब आणि वाहतूक पोलीस. खांब उचलून अर्धा मीटर सरकवता येतो. सहा महिन्यांनी तीच घड्याळाची मोजणी, त्याच चार रकान्यांत, त्याच चौकात परत करा. 'कोंडीत उभी' हा रकाना निम्म्यावर आला नसेल तर खांब काढून दुसऱ्या तुकड्यावर लावा. आला असेल तर रस्त्याच्या पुढच्या दुरुस्तीच्या निविदेतच त्या तुकड्याचा दुभाजक घाला, आणि मोजणीचे दोन्ही तक्ते थांब्यावर चिकटवा, म्हणजे शेजारच्या लेनमध्ये उभ्या असलेल्यालाही वाचता येतील.